वरचा हात

आमच्या गल्लीत माझ्या भावाची गाडी शिरत नाही. गांधी गेट, म्हणजे जुन्या लोकांचा जुम्मा दरवाजा, ओलांडून आत आलं की बडकस चौकापर्यंत रस्ता निभतो. त्यापुढे महालच्या गल्ल्या सुरू होतात. दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी एकीला ओट्याला चिकटून उभं राहावं लागतं. म्हणून तो गाडी चिटणीस पार्कच्या बाजूला लावतो आणि पायी घरी येतो.

गेल्या जुलैत एका रात्री तो आला आणि जेवायला न बसता अब्बांच्या खाटेजवळ जाऊन बसला.

"अब्बा, पुढून आवाज येतोय."

अब्बांनी डोळे न उघडता विचारलं, "चाक वर दबतं तेव्हा, की खाली लोंबतं तेव्हा?"

"खाली लोंबतं तेव्हा. खड्ड्यात उतरलो की ठक्क."

अब्बांनी डोळे उघडले. "वरचा हात," ते म्हणाले आणि उठून बसले.

घरात आम्ही नागपुरी हिंदी बोलतो. इथे मराठीत लिहिताना अब्बांचं बोलणंही मराठीत आणते आहे. पण त्यांनी आर्मला कायम 'हाथ'च म्हटलं. गॅरेजमध्ये सगळे लोअर आर्म, अप्पर आर्म म्हणायचे. अब्बा म्हणायचे, खालचा हात, वरचा हात.

भावाचं काम सौर पंप बसवण्याचं. पारशिवनी, रामटेक, भिवापूर, कुही या भागातल्या शेतांवर तो जातो. आधी कुसुम योजना आली, २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' सुरू झाली, आणि त्याला दम खायला वेळ उरला नाही. पॅनेल दुसऱ्या मोठ्या गाडीनं जातात. पंप, पाइप, केबल, अवजारं आणि चार माणसं मात्र त्याच्याच गाडीत. ती गाडी म्हणजे जुनी घेतलेली इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस. ही गाडी २०१६ मध्ये भारतात आली. आंध्रातल्या श्री सिटीत बनते. पुढे पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा, आणि गरज पडली तर चारही चाकांना ताकद.

शहरातल्या माणसाला अशी गाडी म्हणजे हौस वाटते. ज्यानं पावसाळ्यात विदर्भातली पांदण पाहिली आहे त्याला तसं वाटणार नाही. पांदण म्हणजे दोन शेतांच्या मधून जाणारी वाट. उन्हाळ्यात धूळ आणि भेगा. पहिला पाऊस पडला की काळी माती पाणी पिऊन फुगते, चाकाला चिकटते, आणि ट्रॅक्टरची चाकं तिच्यात दोन खोल नाल्या पाडून ठेवतात. मधला उंचवटा तसाच राहतो. साध्या गाडीचं पोट त्या उंचवट्यावर टेकतं आणि चाकं हवेत फिरत राहतात. अशा वाटेवर दोन इंच उंचीला फार किंमत आहे.

म्हणून त्यानं दोन इंच उंची वाढवून घेतली. कुणी करून दिली ते लिहीत नाही. दीड तासात काम झालं, बिल फार नव्हतं. पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर साधारण एक इंच जाडीची चकती बसवली. स्प्रिंग खालच्या हाताच्या मध्यावर टेकलेली असते आणि चाक त्या हाताच्या टोकाला. त्यामुळे वर एक इंच वाढवला की चाकाशी जवळजवळ दुप्पट होतो. मागे पाट्यांखाली ठोकळे दिले. टायर एक नंबर मोठे लावले. गाडी अशी उभी राहिली की महालातली पोरं तिच्यासोबत फोटो काढायला लागली.

अब्बांनी ती एकदा चिटणीस पार्कजवळ पाहिली होती. चारी बाजूंनी फिरले. म्हणाले, "उंच केलीस. हात बदललेस?" भाऊ म्हणाला, "त्यांनी सांगितलं, गरज नाही." अब्बा काही बोलले नाहीत. त्यांना ओळखणाऱ्याला ते न बोलणं ऐकू येतं.

तीन महिन्यांत गाडी बोलू लागली. जबलपूर रोडवर ऐंशीच्या वर गेली की ती सरळ राहायला तयार नव्हती. सारखं इकडून तिकडे सावरावं लागे. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप परत यायला हवं, ते अर्ध्यात थांबायचं. पुढचे टायर एका कडेनं झिजले, नवेच असताना. अलाइनमेंटच्या दुकानात स्क्रीनवर काही आकडे हिरवे झाले, दोन लालच राहिले. "याच्यापेक्षा जास्त बसत नाही," असं सांगून त्यांनी पैसे घेतले. आणि मग तो ठक्क आवाज.

अब्बांचं गॅरेज गांधीसागरच्या बाजूला होतं. आता नाही. १९७२ पासून २०१३ पर्यंत होतं. जीपवर त्यांचा हात बसला होता. महिंद्राच्या जुन्या जीपला पुढेही पाटेच असायचे. दोन चाकांच्या मध्ये एक सलग धुरा, धुऱ्यावर पाटे, पाट्यांवर गाडी. एक चाक दगडावर चढलं की धुरा कलतो, दुसरं चाकही कलतं. बैलगाडीसारखंच. अशा गाडीला आर्म नसतात, कारण गरजच नसते. ती उंच करायची तर पाटा वाढवा, चाकाचा कल फारसा हलत नाही. अब्बा म्हणायचे, "जीप म्हणजे सरळ माणूस. दणके देते, पण फसवत नाही."

जीप धुताना ते आणखी एक गोष्ट सांगायचे. एम अँड एम मधला दुसरा एम आधी मोहम्मद होता. १९४५ मध्ये कंपनी निघाली तेव्हा नाव महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणीनंतर मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. इथे नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालं, आद्याक्षरं तीच राहिली. "जोड निघाला, पण गाडी चालत राहिली," असं म्हणून ते पाण्याची बादली ओतायचे.

पुढे प्रत्येक चाक वेगळं हलणाऱ्या गाड्या वाढल्या. चाकाला धरायला वर एक हात, खाली एक हात. एका रात्री जेवताना अब्बांनी आम्हाला कोंबडीच्या गळ्याखालचं दुशिंगी हाड काढून दाखवलं होतं. या हाडाला इंग्रजीत विशबोन म्हणतात आणि असे दोन हात असलेल्या रचनेला डबल विशबोन. त्यांनी हाडाची दोन टोकं ताटाच्या कडेला टेकवली. "ही चेसिसच्या बाजूची. इथे रबराचे बुश. आणि हे जोडलेलं टोक चाकाकडे. इथे बॉल जॉइंट, खांद्याच्या सांध्यासारखा. चाक वर-खाली होणार आणि वळणार, दोन्ही. खालचा हात वजन पेलतो. वरचा हात चाकाला उभं धरतो." मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. शाळेत न शिकवलेली ही पहिली गोष्ट, जी मला पुरती समजली होती.

जुलैतल्या त्या रात्री त्यांनी भावाला पुन्हा तेच समजावलं, या वेळी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं. त्यांचा हात कापतो. रेघ सरळ येत नव्हती, म्हणून पेन्सिल मी घेतली आणि ते सांगत गेले.

गाडी वर उचलली म्हणजे चाकं तिच्या मानानं खाली गेली. हातांची लांबी तीच, चेसिसवरची जागा तीच. म्हणून दोन्ही हात खाली झुकले. वरचा हात खालच्यापेक्षा आखूड. दोघांची टोकं वेगवेगळ्या कमानीवर फिरतात. त्यामुळे चाकाचा उभा कल बिघडतो, तो कॅम्बर. टायर एका कडेनं खाल्ले गेले त्यात त्याचा हात होता.

दुसरी गोष्ट कॅस्टरची. अब्बांनी मला विचारलं, "तू चिटणीस पार्कात सायकल हात सोडून चालवायचीस ना?" मला वाटत होतं, ते त्यांना माहीत नव्हतं. सायकलचा पुढचा चिमटा उभा नसतो, तिरपा असतो. त्या तिरपेपणामुळे चाक आपोआप सरळ राहायला बघतं. चिमटा उभा केला तर हात सोडता येणार नाही. मोटारीतही तसंच: खालच्या आणि वरच्या बॉल जॉइंटला जोडणारी रेघ थोडी मागे कललेली हवी. पुढून गाडी उंच केली की तो कल कमी होतो. मग स्टिअरिंग परत येत नाही आणि वेगात गाडी भटकते.

तिसरी गोष्ट आवाजाची. हात आधीच खाली झुकलेला. चाक खड्ड्यात लोंबलं की तो आणखी खाली जातो आणि जाऊन स्प्रिंगवर आपटतो. बॉल जॉइंटही आपल्या फिरण्याच्या शेवटच्या टोकाला पोचतो. "खांदा मागे पिरगाळून कुणी तुला वर्षभर काम करायला लावलं तर?" अब्बा म्हणाले. "एक दिवस निखळेल."

निखळेल या शब्दावर घरात कुणी काही बोललं नाही. कारण आमच्या घरात त्या शब्दाला इतिहास आहे.

१९९७ ची गोष्ट. एक टाटा सुमो आली होती. टॅक्सीची. चालक उमरेडचा, अब्बांचा जुना गिऱ्हाईक. पुढच्या डाव्या चाकाचा बॉल जॉइंट बदलायचा होता. जॉइंट बसला, नट कसला. त्या नटाला मुकुटासारख्या खाचा असतात आणि दांड्याला आरपार भोक. दोन्ही जुळवून त्यातून स्प्लिट पिन घालायची आणि तिची टोकं वाकवायची, म्हणजे नट कितीही हादरे बसले तरी फिरत नाही. त्या मापाची पिन संपली होती. अब्बांनी मला रुपया देऊन दुकानात पाठवलं.

दुकान बंद होतं. दुसरं दुकान पुढे होतं, दहा मिनिटं चालून. मी तेरा वर्षांची होते, ऊन होतं, मैत्रीण घरी वाट पाहत होती. मी परत आले आणि सांगितलं, "मिळाली नाही." चालकाला भाडं घेऊन निघायचं होतं. अब्बांनी भोकातून तार ओवली, पिळली आणि म्हणाले, "दोन दिवसांत येऊन पिन टाकून घे." तो आला नाही.

तीन आठवड्यांनी उमरेड रोडवर तार तुटली, नट सुटला, जॉइंट निखळला आणि चाक आत दुमडलं. गाडी बाभळीवर गेली. मागे बसलेल्यांना मुका मार बसला. चालकाचा उजवा पाय गुडघ्याखाली कायमचा वाकडा झाला.

कुणी तक्रार केली नाही. तो माणूस काठी टेकत आमच्या घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "उस्ताद, नशिबाचा भाग." अब्बांनी त्याच्या दवाखान्याचा खर्च दिला. महिनाभर गॅरेज उघडलं नाही. उघडलं तेव्हा बिस्किटाच्या एका डब्यात सगळ्या मापांच्या स्प्लिट पिना भरून ठेवल्या. तो डबा गॅरेज बंद झाल्यावर घरी आला. आजही आमच्या फडताळात, चहाच्या डब्याशेजारी आहे.

दुसऱ्या दुकानात मी गेले नव्हते, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

भावापुढे दोन वाटा होत्या. चकत्या काढायच्या, गाडी कंपनीनं दिलेल्या उंचीवर आणायची आणि पांदणीतले वांधे सोसायचे. किंवा उंची ठेवायची आणि त्या उंचीला शोभणारे वरचे हात बसवायचे. असे हात मिळतात. ही गाडी थायलंडमध्ये बनते, ऑस्ट्रेलियात खूप चालते आणि तिथले लोक तिला रानावनात नेतात, त्यामुळे सामान तिकडून येतं. मूळ हात पत्रा दाबून केलेला. हा जाड नळीचा. त्याची घडण अशी की बॉल जॉइंट नव्या उंचीवर मध्यावर बसतो, स्प्रिंगशी जागा मोकळी राहते आणि कॅस्टरचा हरवलेला कल परत मिळतो. दोन हातांची किंमत माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढी. मी शाळेत मराठी शिकवते.

कायद्याचा प्रश्न मी काढला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीच्या कागदावरचा तपशील कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा बजावलं. मोठे टायर, उचललेली गाडी हे सगळं त्यामुळे वादात सापडू शकतं. आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार. भाऊ म्हणाला, "सगळेच करतात, आपा." अब्बा म्हणाले, "सगळ्यांच्या गाडीत माझी चार माणसं बसत नाहीत."

शेवटी अब्बांनीच मधला मार्ग काढला. मोठे टायर उतरले, मूळ मापाचे आले. मागचे ठोकळे निघाले. पुढच्या चकत्या अर्ध्या जाडीच्या झाल्या, म्हणजे चाकाशी उंची एका इंचावर आली. त्याहून जास्त उचललं की पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचे सांधेही वाकडे चालतात आणि त्यांचे रबरी बूट फाटतात, हे त्यांनी भावाला दोनदा सांगितलं. आणि वरचे हात नवे. "उंची वाढवायची तर वाढव," ते म्हणाले, "पण मग सांध्याची जबाबदारी घे. फुकट उंची मिळत नसते." विमा कंपनीला लेखी कळवायचं पत्र मी लिहिलं. त्यांनी वाढीव हप्ता मागितला, तो भरला. जुने हात तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवायचे ठरले. वाहन तपासणीत कुणी आक्षेप घेतला तर एका दिवसात गाडी होती तशी करता यावी म्हणून.

काम घाट रोडवर झालं. तिथे अब्बांच्या एका जुन्या शागिर्दाचं गॅरेज आहे. रविवार होता. अब्बा स्टुलावर बसले. गाडीला हात लावायच्या आधी त्यांनी मला टेप दिला. दोन्ही बाजूंनी चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून घे म्हणाले. मी मोजलं, खडूनं दारावर लिहिलं. शागिर्दाला ते कशासाठी ते कळलं आणि तो हसला. "उस्ताद विसरले नाहीत."

जॅक लावला, चेसिसखाली घोड्या ठेवल्या, चाकं काढली. एबीएसची तार आणि ब्रेकचा होज वरच्या हातावर चिमट्यांनी धरलेले असतात. ते आधी सोडवले, नाहीतर हात खाली येताना ओढून तुटतात. बॉल जॉइंटचा निमुळता दांडा घट्ट बसलेला होता. नवा पोरगा पहार घालून उचकटायला निघाला, अब्बा ओरडले. "रबर फाडशील. नट दोन आटे सैल कर, काढू नको, आणि बाजूनं हातोडा मार." दोन्ही बाजूंनी दोन हातोडे एकदम पडले आणि दांडा टक्कन सुटला. नट आटे धरून होता म्हणून काही अंगावर आलं नाही.

जुना हात खाली आला तेव्हा शागिर्दानं तो उजेडात धरला. "बघा उस्ताद, पूर्ण घासून राहिला ना." स्प्रिंगवर आपटून पत्र्याला एक चकचकीत खाच पडली होती, नखाएवढी खोल. बॉल जॉइंटचा बूट फाटलेला, आत ग्रीसच्या जागी काळी माती आणि गंज. सांधा हातानं हलवला तर खुळखुळ वाजला. भाऊ ते पाहत राहिला. मागच्याच आठवड्यात तो चार माणसं घेऊन पारशिवनीला गेला होता.

नवे हात बसायला फार वेळ लागला नाही. बुशचे बोल्ट घातले. पोरगा लांब पाना घेऊन कसायला लागला तसे अब्बा पुन्हा ओरडले, "आत्ता नाही!"

मला वाटतं, त्या दिवसाचं खरं काम हेच होतं. बुशचं रबर दोन नळ्यांच्या मध्ये चिकटवलेलं असतं. ते सरकत नाही, पिळ खातं आणि परत येतं. चाक हवेत लोंबत असताना आतली नळी कसून टाकली, तर रबराला तीच आपली मूळ जागा वाटते. मग गाडी जमिनीवर आली की ते उभ्या उभ्याच पिळलेलं राहतं. दिवसरात्र. काही महिन्यांत फाटतं आणि लोक म्हणतात, सामान वाईट होतं. "गाडी ज्या वजनाखाली जगणार आहे, त्या वजनाखाली कस," अब्बा म्हणाले. खालच्या हाताखाली जॅक लावला आणि चाकाचा मध्य ते मडगार्ड हे अंतर दारावरच्या खडूच्या आकड्यात अर्ध्या चकतीचा हिशेब धरून जुळेपर्यंत उचलला. मग टॉर्कचा पाना लावून बोल्ट कसले.

शेवटी बॉल जॉइंटचा नट. खाचांचा मुकुट, दांड्याला आरपार भोक. अब्बा स्टुलावरून उठले. पाकिटातली नवी पिन त्यांनी बोटांत धरली आणि वाकले. हात कापत होता. पिन भोकाच्या कडेला लागून दोनदा खाली पडली. शागिर्द पुढे झाला, अब्बांनी त्याला थांबवलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू घाल. लहानपणी तूच घालायचीस."

मी चाकाच्या पोकळीत डोकं घातलं. भोक खाचेशी अगदी जुळत नव्हतं. नट मागे फिरवायचा नसतो, पुढे कसूनच जुळवायचा, एवढं मला आठवत होतं. शागिर्दानं तो किंचित कसला, पिन सरकन गेली. पक्कडनं टोकं फाकवली, एक वर, एक खाली. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग अब्बांनी टॉर्च घेऊन दोन्ही पिना पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. डबा त्यांनी पिशवीतून आणला होता, पण उघडावा लागला नाही.

अलाइनमेंटला दुसऱ्या दिवशी गेलो. स्क्रीनवरचे दोन्ही लाल आकडे हिरवे झाले. पाचशे किलोमीटर चालवून सगळे नट पुन्हा तपासायचे, अलाइनमेंट पुन्हा बघायचं, असं अब्बांनी भावाकडून कबूल करून घेतलं.

"आता चक्कर मारून येऊ," अब्बा म्हणाले. भावानं विचारलं, "जबलपूर रोड?"

"नाही. उमरेड रोड."

अब्बा पुढे बसले, मी मागे. दिघोरी मागे पडली, रस्ता मोकळा झाला. भावानं एकदा हलकेच स्टिअरिंगवरून हात उचलले. गाडी रेघेवर चालत राहिली. अब्बा रस्ता नाही, कडेची झाडं बघत होते. पाचगावच्या पुढे एका जागी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. बाभूळ आता नाही. रस्ता रुंद झालाय. ते उतरले नाहीत, काच खाली करून बसले.

तेव्हा मी सांगितलं. अठ्ठावीस वर्षांनी, मागच्या सीटवरून, त्यांच्या मानेकडे बघत. की दुसरं दुकान उघडं असेल. मी गेले नव्हते.

अब्बांनी मान वळवली नाही. "माहीत आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मीच गेलो होतो त्याच्याकडे. तो म्हणाला, पोरगी आलीच नाही."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? पिन नव्हती तर गाडी द्यायची नव्हती. गाडी मी दिली. ते काम तेरा वर्षांच्या पोरीचं नव्हतं."

भाऊ समोर बघत बसला होता. एक एसटी बाजूनं गेली, गाडी थोडी हलली आणि परत जागेवर आली. अब्बांनी काच वर केली.

"पुढे उमरेडला चल," ते म्हणाले. "तो आता नातवंडांत असेल. चहा तरी पिऊ."

तो घरी होता. काठी दाराला टेकून ठेवलेली. चहा झाल्यावर त्यानं भावाची गाडी बघायला मागितली. बाहेर आला, कष्टानं वाकला आणि पुढच्या चाकाच्या पोकळीत डोकावून त्यानं अब्बांना विचारलं, "उस्ताद, पिन टाकली ना?"

अब्बांनी माझ्याकडे बोट दाखवलं.